धूळ समजून पुसलेले तारे

"थांबव," मावशी म्हणाली. "यान उभं राहिलंय."

"उभं कसं राहील?" भाचीनं चित्र थांबवलं. "चांगलं चाललंय की."

"कशावरून चाललंय?"

भाचीनं निरखून पाहिलं. काळ्याभोर पडद्याच्या मधोमध यान होतं, नुकतंच धुऊन काढल्यासारखं चकचकीत. आजूबाजूला मात्र काही म्हणजे काही नव्हतं.

मावशीनं एकतीस वर्षं टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवला होता. हा अंतराळाचा सिनेमा त्या काळी चौदा आठवडे चालला आणि रोजचे तिन्ही खेळ तिनं भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून पाहिले. टॉकीजला कुलूप लागलं, तेव्हा भाचीनंच तिला इथं आणलं. जुने सिनेमे साफसूफ करून डिस्कवर उतरवायचा इथला धंदा. साफ करायचं काम भाचीचं, तपासायचं मावशीचं. तपासणीच्या कागदावर मावशीची सही पडल्याशिवाय एकही डिस्क छपाईला जात नसे. भाचीचं ऐकून सगळेच तिला मावशी म्हणायला लागले होते, साहेबसुद्धा.

"तारे कुठं गेले गं?"

भाचीचा चेहरा उतरला. फिल्मवर धूळ बसली होती म्हणून तिनं यंत्राला हुकूम देऊन ठेवला होता, की सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की धूळ समज आणि पूस. यंत्र बिचारं हुकमाचं ताबेदार. त्यानं धुळीबरोबर अख्खं आकाश पुसून टाकलं.

"पुढं लाव."

पुढं नायिका यानातून एकटीच बाहेर पडते. डोक्यावर काचेचं शिरस्त्राण, खाली कसला आधार नाही. इथं संगीत थांबतं आणि फक्त तिचा श्वास ऐकू येतो, आत, बाहेर, आत, बाहेर. टॉकीजमध्ये या जागी लोक खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे. आता स्पीकरमधून काहीच येईना. बाईचे गालसुद्धा मेणाचे वाटत होते. जुन्या फिल्मच्या चित्रात असतात ते बारीक दाणे यंत्रानं घालवले, त्यांच्याबरोबर कातडीही गेली.

"जुन्या आवाजात खरखर फार होती," भाची पुटपुटली. "यंत्राला श्वास आणि खरखर सारखीच वाटली असणार."

मावशीनं कागदावर पेन टेकवलं नाही. टोपण लावून ते बाजूला ठेवलं.

"मावशी, असं नको करूस. उद्या सकाळी छपाई आहे. तू सही केली नाहीस तर ठपका माझ्यावर येईल."

"यायलाच पाहिजे. माझ्या सहीनं तो काही पुसला जायचा नाही."

"सख्खी मावशी ना तू माझी?"

"म्हणून तर तोंडावर सांगतेय. परकी असतीस तर शेरा मारून घरी गेले असते."

एवढ्यात साहेब आत आले. पडद्याकडं एक नजर टाकून खूश झाले. "वा! काय स्वच्छ झालंय! चला मावशी, सही टाका."

"स्वच्छ आहे खरं. ताट घासताना जेवणही धुऊन टाकलंय."

साहेबांचं हसू मावळलं. भाचीनं खाली मान घालून काय झालं ते सांगितलं. साहेबांनी खांदे उडवले. "मग काय झालं? तारे होते की नव्हते, कोणाच्या लक्षात आहे?"

"माझ्या आहे."

"तुम्ही एकट्या."

"सहीही एकच लागते ना?"

"हे बघा मावशी, वयाचा मान ठेवून बोलतोय. सही होणार नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज या खुर्चीवर मी आहे. बसा."

का कोण जाणे, साहेब बसले. मावशीनं भाचीला खूण केली आणि यानाचा प्रसंग पुन्हा सुरू झाला.

"सांगा, पुढं चाललंय की मागं?"

"पुढं."

"कशावरून?"

"तोंड पुढं आहे ना त्याचं."

"तोंड माझंही पुढं आहे साहेब. मी कुठं चाललेय?"

साहेब जरा पुढं वाकून बघत राहिले. दोन मिनिटं यान जागचं हललं नाही. मग ती बाई बाहेर पडली. साहेबांनी हात लांब करून आवाज वाढवला, आणखी वाढवला. "स्पीकर बिघडला का?"

"स्पीकर ठणठणीत आहे. बाई मेलीये."

मावशीनं कागद त्यांच्यापुढं सरकवला. "शेऱ्याच्या रकान्यात लिहा. चित्र स्वच्छ, यान उभं, बाई मेलेली. खाली सही तुमची करा. माझी मिळणार नाही."

साहेबांनी पेन उचललं. टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग पेन टाकून तरातरा बाहेर गेले. सिनेमाच्या मालकाला त्यांनी फोन लावला असावा, कारण दाराआडून त्यांचा चढलेला आवाज येऊ लागला. "नाही हो, हलतच नाही! अहो, कशावरून चाललंय म्हणायचं? तुम्हीच सांगा!" भाचीनं तोंडावर हात दाबून धरला. मावशीचा चेहरा मात्र तसाच होता.

साहेब परत आले ते लालबुंद होऊन. "चार दिवस मिळालेत. आणि मावशी, हे काम संपलं की तुम्ही मोकळ्या. असली अडवणूक मला चालणार नाही."

"साहेब," भाची उठून उभी राहिली, "हुकूम मी दिला होता. मावशीनं चूक पकडली. जायचंच तर..."

"खाली बस," मावशी म्हणाली. "तू गेलीस तर तारे परत कोण आणणार, हे?"

साहेबांनी दार आपटलं. भाचीनं डोळे पुसले आणि जुनी, धुळीनं भरलेली फिल्म खरखरत्या आवाजासकट परत यंत्रावर घेतली. पडद्यावर ठिपकेच ठिपके उमटले. त्यातला तारा कुठला आणि धूळ कुठली, हे आता एकेक करून डोळ्यांनीच निवडायचं होतं. मावशीनं खुर्ची पुढं ओढली.

"धूळ उडी मारते, तारा सरकतो," ती म्हणाली. "सावकाश चालव."

"चार दिवसांत होईल का गं हे?"

"नाही झालं तर पाचव्या दिवशी येऊ दे त्यांना मला उठवायला. मी इथंच बसलेली असेन."