गेरूचे आकडे

पुसेगावच्या माळावर सावरीची बारा झाडं होती. त्यांच्या बुंध्यांवर मी गेरूनं एक ते बारा आकडे घातले होते; पाऊस पडून गेला की ते पुन्हा गिरवायचो. शाळा सुटली की तिथं जायचं आणि कोणत्या झाडाच्या फुलांवर किती मधमाश्या, कोणती पाखरं आली ते वहीत लिहायचं. भोवतालचं रान दरवर्षी नांगराखाली जात होतं. तरी माश्या-पाखरं येत राहतात का, एवढंच मला बघायचं होतं. सात वर्षं लिहिलं. बरोबर लिहितोय, अशी खात्री मात्र कधी वाटली नाही.

१९४४च्या माघात मध काढणारा बाबूसिंग शाळेच्या दारात आला.

"मास्तर, तुमची झाडं पाडून राहिले."

मी पोहोचलो तेव्हा आठ झाडं आडवी झाली होती. एक ते आठ, क्रमानं. ठेकेदाराचा मुनशी लतीफ नवव्यापाशी उभा होता.

"काडीपेटीच्या कारखान्यासाठी बारा झाडं मंजूर हाईत," तो म्हणाला. "आमच्या खुणा अवकाळीनं धुतल्या. मग हे आकडे दिसले. बारा म्हणजे बारा, बराबर."

"ते मी घातलेत," मी कसंबसं म्हणालो.

"तुमी? अक्षर लई सुरेख हाय, मास्तर. आमचा गडी तर आठ उलटा काढतो."

तोडणारे हसले. मीही हसलो.

"हसता काहून?" बाबूसिंग माझ्यावरच चिडला. "सांगा ना त्याला."

"तुमची झाडं नाल्यापलीकडची असतील," मी म्हणालो. "निदान ही चार..."

"असतील. पण गाड्या इकडं आल्यात. अन् कागदावर आकडा हाय मास्तर, झाडाचा पत्ता न्हाई."

नवव्यावर कुऱ्हाड पडली.

आडव्या चौथ्या झाडाची लाल फुलं माझ्या पायाशी होती. त्यांवर माश्या अजून येत होत्या. सवयीनं वही उघडून मी मोजायला बसलो. इतक्या जवळून पहिल्यांदाच.

"आग्या माश्या तेवीस," मी लिहिलं.

बाबूसिंग वाकला. "ह्यातल्या निम्म्या सातेरी हाईत, मास्तर. बारक्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. खालून कशा कळतील?"

मी नीट पाहिलं. तो म्हणत होता ते खरं होतं. सात वर्षांची वही चुकली होती, आणि ताडून पाहायला आता झाड उरणार नव्हतं.

बारावं झाड पडल्याचा आवाज आला तेव्हा मी तेवीस खोडून अकरा करत होतो.