दारेसलामच्या ओट्यावरचा डाव

मी एक जुना, काळवंडलेला बावोचा पट आहे. मित्रांनो, तुमच्याकडे मुली सागरगोटे झेलतात. आमच्या मलावीत ते पेरतात. माझ्या अंगावर चार ओळींत खळगे कोरलेले आहेत. दोघांनी समोरासमोर बसायचे, एका खळग्यातले गोटे उचलायचे आणि एकेक टाकत पुढे जायचे. शेवटचा गोटा भरल्या खळग्यात पडला, की समोरच्याच्या खळग्यातली रास आपली. ज्याची पुढची ओळ ओस पडली, तो हरला.

सरोवराकाठच्या मांगोची गावातल्या एका होडी बांधणाऱ्याने मला घडवले. होडीच्या तळासाठी आणलेल्या ओंडक्यातून मी उरलो होतो. त्याला मुलगे होते, पण बैठक कुणालाच नव्हती. बैठक होती ती धाकट्या एनेलेसीला. बापाच्या पुढ्यात मांडी घालून ती बसे आणि सरोवरावर अंधार पडेपर्यंत उठत नसे. "घाई डोळ्यांनी करावी, बोटांनी नाही," असे तो तिला सांगे. गावातले भलेभले तिने माझ्यावर लोळवले. ते माझे सोन्याचे दिवस होते.

लग्न होऊन ती ब्लँटायर शहरात आली, तेव्हा डोक्यावरच्या गाठोड्यात मी होतो. गल्लीतले पुरुष झाडाखाली बावो खेळत. एकदा ती मला घेऊन गेली, तर ते हसले. "वहिनी, भाजी करपेल." पुन्हा ती गेली नाही. मी स्वयंपाकघरात आलो. माझ्या खळग्यांत कांदे राहू लागले, उन्हात शेंगा वाळू लागल्या. एका कडेला मला चीर गेली. तिची मुलगी तमांदानी मला कांद्यांची फळी म्हणूनच ओळखत होती.

तमांदानी शिकली, दवाखान्यात परिचारिका झाली. वडील गेल्यावर आई गप्प गप्प राहू लागली, म्हणून तिने आईला चार दिवस शेजारच्या देशातले, समुद्रकाठचे दारेसलाम दाखवायला नेले. एनेलेसीने नवे बूट घरी ठेवले आणि त्या जागी मला बॅगेत घातले. का, ते तिने कुणाला सांगितले नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी खोलीत सामानाचा डोंगर झाला. तमांदानीने बाजारातून जाडजूड पातेल्यांचा संच घेतला होता. बॅग काही केल्या मिटेना. तिने मला बाहेर काढले.

"आई, ही फळी इथेच ठेवू. घरी गेल्यावर दुसरी घेऊ."

एनेलेसीने मला आपल्या चितेन्जेत, लुगड्यासारख्या नेसायच्या कापडात, गुंडाळले, काखेत घेतले आणि जिना उतरून चालू लागली.

"आई, दुपारी विमान आहे," म्हणत तमांदानी मागोमाग धावली.

कोपऱ्यावर बदामाच्या झाडाखाली एक ओटा होता. चारही दिवस त्या ओट्यापाशी एनेलेसीची पावले रेंगाळत होती. तिथे शोमारीकाका बावो खेळत बसत. त्या मोहल्ल्यात त्यांना कुणी हरवलेले नव्हते. एनेलेसीने मला त्यांच्या पुढ्यात ठेवले. या किनाऱ्याची बोली मांगोचीच्या बाजारात कानावर पडून पडून तिला येत होती.

"एक डाव खेळाल?"

शोमारीकाकांनी कॉफीची वाटी खाली ठेवली. "आजीबाई, मी जिंकलो तर लोक म्हणतील, म्हातारीला हरवलं. हरलो तर बायको घरात घेणार नाही. मला यात मिळणार काय?"

"शहाळं मिळेल. जो हरेल त्यानं पाजायचं."

"बसा काका," जुमान्ने नावाचा एक तरुण हमाल काडी चघळत म्हणाला. "तुमची बायको तशीही तुम्हाला दुपारीच घरात घेते."

हशा पिकला. काका सरसावून बसले, त्यांनी आपले गोटे माझ्या खळग्यांत मांडले आणि डाव सुरू झाला.

कितीतरी वर्षांनी माझ्या खळग्यांत गोटे खळखळले. मित्रांनो, तो आवाज मी विसरत चाललो होतो. सुरुवातीला एनेलेसीची बोटे अडखळली. काकांनी एकामागून एक राशी उचलल्या. तिची पुढची ओळ विरळ झाली, मग अगदीच उघडी पडली. माणसे जमली. कुणीतरी शहाळेवाल्याला हाक मारून ठेवली.

तमांदानी घड्याळ बघत होती. "आई, आता उठ. झालं ना खेळून?"

एनेलेसीने मान वर केली नाही. तिचे डोळे माझ्यावरून भराभर फिरत होते. बोटे मात्र शांत होती. मी ती नजर ओळखली. तिने एका कोपऱ्यातले मोजके गोटे उचलले आणि पेरले. शेवटचा भरल्या खळग्यात पडला. समोरची रास तिने उचलली, पेरली. पुन्हा भरला खळगा, पुन्हा रास. हात थांबेचना. जुमान्नेचे चघळणे थांबले. काका पुढे झुकले.

तमांदानीने घड्याळावर बाही ओढली. ती आईच्या शेजारी ओट्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "सावकाश खेळ, आई. विमानाचं मी बघते."

काकांची पुढची ओळ ओस पडली. मग काकांनी माझ्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझ्या बापानं. याच पटावर."

"मग आज मी दोघांकडून हरलो," ते म्हणाले. उठून त्यांनी स्वतः शहाळे आणले आणि दोन्ही हातांनी तिला दिले. त्या हमालांनी, कोळ्यांनी, दुकानदारांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. एनेलेसी ताठ बसून शहाळे प्यायली. तिला इतके ताठ बसलेले मी तिचे माहेर सुटल्यापासून पाहिले नव्हते.

पातेली खोली झाडणाऱ्या बाईकडे गेली. धावतपळत का होईना, विमान मिळाले. ढगांच्या वर तमांदानीने मला मांडीवर घेतले, खळग्यात बोट घातले आणि विचारले, "आई, पहिला गोटा कुठून उचलायचा?"

त्या दिवसापासून मला रोज तेलाचा हात मिळतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, त्यांना ऊन लागू देऊ नका. पण एवढ्यावर थांबू नका. ती वस्तू ज्यांच्या हातात बोलते, त्यांच्यासमोर मांडी घालून बसा आणि म्हणा, "शिकवता का?" त्यांचे हात अजून काही विसरलेले नसतात.