सगुणाबाईंची खुशाली

भूपेशने मला कामावर घेताना एकच प्रश्न विचारला होता, "कधी बंद पडणार नाही असं बनवून देशील?" मी हो म्हटलं. वय लहान होतं, डोक्यात हवा होती, आणि खरं सांगायचं तर मला ते येतही होतं.

उल्हासनगरात, कॅम्प नंबर तीनला, साड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस. खाली भूपेशचे वडील साड्या विकायचे आणि वर मुलगा 'खुशाली' विकायचा. कल्पना त्याचीच, आणि चांगली होती हे मला कबूल करावं लागेल. ज्यांची मुलं दुबईला, मस्कतला कामाला आहेत अशा म्हाताऱ्या माणसांना आमची यंत्रणा रोज सकाळी फोन लावायची. ते दोन वाक्यं बोलायचे. ते बोलणं टिपून तिकडे मुलाच्या मोबाईलवर ऐकवलं जायचं. बस्स, एवढंच. दोन हजार नऊ साली लोकांना ती जादू वाटायची.

यंत्रणा ऑफिसात नव्हती. ती परदेशातल्या भाड्याच्या मशिनींवर चालायची. 'क्लाउड' हा शब्द भूपेशला इतका आवडायचा की खालच्या गिऱ्हाइकांनाही तो ऐकवायचा. बांधणी मात्र माझी. त्यातलं पहिलं तत्त्व असं की कुठल्याच मशिनीवर जीव लावायचा नाही. एक मेली की तिच्या जागी दुसरी उभी राहते, तेच नाव घेते, तेच काम करते, आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. मशिनी एकमेकींना सारखं विचारत राहतात, 'आहेस का?' जिचं 'आहे' वेळेत येतं ती जिवंत. येत नाही ती मेली. तिसरं काही नसतं. दुसरं तत्त्व सबुरीचं. फोन लागला नाही तर लगेच धोशा लावायचा नाही; थोडं थांबून लावायचा, मग आणखी जास्त थांबून. तरीही नाहीच लागला, तर मीटरजवळच्या एमसीबीचा खटका पडतो तसं त्या दिवसापुरतं आपणच गप्प बसायचं.

पण त्या काळात आमच्याकडचं लोडशेडिंग म्हणजे विचारू नका. अंबरनाथला वीज गेली की घरातले चार्जिंगवरचे बिनवायरचे फोन मरायचे, आणि तिकडे मस्कतला मुलाला ऐकू यायचं, 'उत्तर मिळालं नाही.' मग त्याचा जीव टांगणीला. म्हातारी इकडे पिठाच्या गिरणीत गप्पा छाटत उभी असायची. एका गिऱ्हाइकाने फोनवरून भूपेशच्या सात पिढ्या उद्धारल्या, तेव्हा तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"भावना, सुन. सुबह का पहिला गिऱ्हाईक आपण खाली हात पाठवतो का? भवानी आहे ती. नवा माल नाही तर कालचा दाखव, पण 'नाही' बोलायचं नाही."

म्हणजे फोन लागला नाही तर म्हातारीचा शेवटचा चांगला आवाज ऐकवायचा. आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात हे सर्रास चालतं. ताजं मिळालं नाही तर शेवटचं धड असलेलं द्यायचं. पण तिथे माल असतो, माणूस नसतो. मी भांडले. शेवटी तडजोड झाली. सलग तीन दिवस जुनाच आवाज गेला की ऑफिसात इशारा वाजणार, आणि आमच्यापैकी कुणीतरी त्या घरी जाऊन बघून येणार. तो इशारा कधी वाजला नाही. मला वाटायचं, बरं चाललंय.

डिसेंबरात एका सकाळी फोन आला. मोरिवलीच्या सगुणाबाईंचा मुलगा नरेंद्र मस्कतहून बोलत होता. मोरिवली म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यांना चिकटलेलं जुनं गाव.

"मॅडम, आई रोज सेम बोलते. 'मी बरी हाय रं. पानी आलंय. तू जेवून घे.' पाठीमागे कुकरची शिट्टी. रोज तीच शिट्टी, मॅडम. मी डायरेक्ट लावला तर नुसती बेल जाते."

"लाइट जात असेल," मी म्हटलं. ठरलेलं उत्तर.

"असेल. पण माझं अर्जंट आहे. कंपनी दोन वर्षांचं काँट्रॅक्ट देतेय. सही केली की पासपोर्ट त्यांच्याकडे, मधे सुट्टी नाही. आज पाचच्या आत सांगायचंय. आई बरी असेल तर सही करतो, नसेल तर सगळं सोडून येतो. माझा नंबर बदललाय, गावात कुणाकडे नाही. तुम्ही खरं काय ते सांगा."

फोन ठेवून मी नोंदी उघडल्या. सगुणाबाईंचा फोन कित्येक महिन्यांत कुणी उचललाच नव्हता. रोज जुना आवाज जात होता, आणि रोज यंत्रणा नोंद करत होती: पहिला दिवस. पहिला दिवस. पहिला दिवस.

भूपेशला विचारलं तर तो निरागसपणे म्हणाला, "रात को मी सगळी मशीन वाढवतो ना. दुकान वाढवल्याशिवाय सकाळी लक्ष्मी कशी येणार? सुबह नई चालू करतो, अगरबत्ती दाखवून." दिवस मोजण्याचं काम त्या मशिनींच्याच डोक्यात होतं. रोज रात्री हा ती डोकी पुसत होता, आणि सकाळी नव्या मशिनीला वाटत होतं की म्हातारीने आजच फोन उचललेला नाही. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पर्स उचलली आणि रिक्षा केली.

मोरिवलीत दुपारचं ऊन डोक्यावर होतं. हवेला कारखान्यांचा तो गोडसर, घशाला बसणारा वास. सगुणाबाईंचं घर कुणीही दाखवलं असतं. दाराला कुलूप होतं, कुलपाला गंज होता. शेजारच्या ओट्यावर बसून एक बाई सुकी मासळी निवडत होत्या. त्यांचं नाव बनूबाई.

"सगुणा? अगो बाय, ती तं सरावनातच गेली," त्या म्हणाल्या. "ताप आलता. पोराला कवरे फोन लावले, लागलाच नाय. पुतन्यानं अग्नी दिला. आईच्या मातीला पन आला नाय, आसा कसला कामात व्हता तो?"

त्याला माहीतच नाही, हे मला सांगता येईना. तो महिनोन् महिने तिचा आवाज ऐकतोय आणि 'हो आई, जेवतो' म्हणतोय, हे तर मुळीच नाही. मला त्या पोराची इतकी दया आली की भूपेशवरचा रागही विसरले.

तेवढ्यात बंद घरात फोन वाजला.

आमचाच तो. थांबून थांबून पुन्हा लावणारा. मी लिहिलेला.

"रोजचा हाय," बनूबाई मासळीवरची नजर न काढता म्हणाल्या. "सवय झाली आता."

"पण वीज?"

"मीटर तं दिवालीआधीच काढून नेला."

चार्जिंगवरचा फोन, आणि चार्जिंग नाही. आमच्या घरात आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच भूतंखेतं उंबऱ्याबाहेर काढली होती. अशा घरात वाढलेली मी बॅटरीचं काहीतरी कारण शोधत उन्हात उभी राहिले. आमची घंटी बराच वेळ वाजते, म्हाताऱ्या माणसांना उठून येता यावं म्हणून. मीच तसं ठेवलं होतं. ती मध्येच थांबली. कुणी उचलल्यावर थांबते तशी. दाराला कान लावायचं धाडस मला झालं नाही. बनूबाई 'पानी तरी पी' म्हणत होत्या, तोवर मी गल्लीच्या तोंडाशी पोचले होते.

ऑफिसात भूपेश माझ्याच खुर्चीत बसला होता. पंख्याखालीही त्याला घाम फुटला होता. त्याने नुसतं स्क्रीनकडे बोट केलं. सगुणाबाई, मोरिवली. दुपारचा कॉल. उत्तर मिळालं.

"आवाज?" मी विचारलं.

"मी नाही ऐकणार," तो म्हणाला. "मेरे बाप, तू पण ऐकू नको."

मी ऐकला नाही. त्याला उठवून बसले आणि सगुणाबाईंचं नाव यंत्रणेतून काढून टाकलं. मग त्यांचा जुना आवाज पुसला, जिथे जिथे त्याच्या प्रती ठेवल्या होत्या तिथून सगळीकडून. आम्ही प्रती फार ठेवतो. काहीही हरवू नये हेच तर आमचं काम. एक-एक प्रत पुसताना त्या बाईला मीच पुन्हा मारतेय असं वाटत होतं. पण त्या मुलाला आता खोटं जायला नको होतं. पुसून झाल्यावर यंत्रणेत तिचं काहीही उरलं नव्हतं, हे मी दोनदा तपासलं. मग नरेंद्रला फोन लावला.

"नरेंद्र, बसून घ्या. तुमच्या आईबद्दल सांगायचंय."

"कळलं मॅडम!" त्याचा आवाज नुसता फुलला होता. "तुम्ही जाऊन आलात ना? आई आत्ता तेच सांगत होती."

"काय?"

"पहिल्यांदा वेगळं बोलली आज. विचारलं तर नीट उत्तरं देते. म्हणाली, हापिसातली पोरगी आलती. थांबा, ती लाइनवरच आहे, माझ्या दुसऱ्या मोबाईलवर. दोन्ही फोन एकमेकांना लावतो. तुम्हीच बोला."

मी नको म्हणेपर्यंत खरखर झाली. मग कुकरची शिट्टी. आणि शिट्टीच्या पाठोपाठ, अगदी कानाशी, एक म्हातारा, दमलेला आवाज.

"उन्हाची आलतीस बाय. बसली पन नाय."

"आजी," मी म्हटलं, "आजी, तुम्ही..."

"मना ठाव हाय गो. तुला पन ठाव हाय. त्याला कशाला?" आवाज जरा थांबला. श्वास घ्यायला थांबावा तसा, पण श्वास ऐकू आला नाही. "येऊन काय बगल? कुलूप बगल, नि रडल. कागूद होऊ दे त्याचा."

मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली रडू येत होतं. भूपेश दाराशी उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. पुन्हा खरखर झाली आणि नरेंद्रने फोन कानाला लावला.

"झालं ना बोलणं? बरी वाटली ना, मॅडम? हे लोक पेन घेऊन समोर उभे आहेत." तो हसला. "करू सही?"

खरं काय ते सांगा, असं त्याने सकाळी बजावलं होतं. सांगायला चार शब्द लागले असते, आणि ते माझ्या ओठांवर होते. त्याच्या दुसऱ्या हातातल्या मोबाईलमध्ये एकदम सगळं शांत झालं होतं, शिट्टीसुद्धा.

"करा," मी म्हटलं.