गठुड्याची शेवटची दरी

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. करड्या रंगाचा, दोन हातांत मावणारा. पोटात दोन पेन्सिल सेल, पाठीत एक कॅसेट. हल्लीच्या फोनसारखा माझ्या अंगातून उजेड पडत नाही. माझा पडदा बघायचा तर उन्हात बसावं लागतं. माझ्या नादाने कुणी गणितात मागे पडलं असेल, पण ड जीवनसत्त्व कुणाला कमी पडलेलं नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी मला कानाशी धरून हलवलं आणि आत काही वाजलं नाही म्हणून पास केलं. आयुष्यात मी दिलेली ही एकमेव परीक्षा.

माझ्या कॅसेटमध्ये गठुड्या राहतो. त्याचं खरं नाव परदेशी आहे, हे हर्षालीने ठेवलेलं. तिची ओळख पुढे होईलच. गठुड्या म्हणजे डोक्यावर गाठोडं घेतलेला एक बुटका माणूस. हलत्या फळ्यांवरून उड्या मारत सात दऱ्या ओलांडायच्या आणि गाठोडं घरी पोहोचवायचं, एवढंच त्याचं काम. पहिला भाग गाजला म्हणून दुसरा निघाला. दुसरा पडला, तरीही तिसरा निघाला. माझ्याकडे तिसरा आहे. कथा तीच, दऱ्या जरा रुंद. गाठोड्यात काय आहे, ते शेवटच्या चित्रात कळेल, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं.

माझा पहिला मालक साईनाथ. भातसानगरच्या कॉलनीतल्या इंजिनिअर साहेबांचा मुलगा. दोन वर्षं तो मला उशीखाली घेऊन झोपला. सहा दऱ्या त्याने सर केल्या. सातव्या दरीत गठुड्या रोज पडायचा. मग साईनाथ दहावीत गेला आणि मी माळ्यावर. सेल पोटात तसेच राहिले. अकरा वर्षांत ते फुटले, पाझरले आणि माझ्या पत्र्यांवर हिरवी बुरशी चढली. कॅसेटमध्ये एक चपटा सेल असतो. कुठवर खेळलो, हे तो लक्षात ठेवतो. तोही गेला. माझं म्हातारपण असं स्मरणशक्तीपासून सुरू झालं.

साहेबांची बदली झाली तेव्हा कॉलनीत माळीकाम करणाऱ्या अनंताने मला भंगारातून उचललं. लिंबाच्या फोडीने पत्रे घासले, फुंकर मारली आणि उंबरमाळीजवळच्या आपल्या पाड्यावर, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या लेकीच्या हातात ठेवलं. हीच हर्षाली. आश्रमशाळेत सातवीला, हॉस्टेलात राहणारी.

सुट्टीभर ती खेळली. सेल मंदावले की खळ्यावर भाताशेजारी उन्हात टाकायची, म्हणजे त्यांच्यात पुन्हा थोडा जीव यायचा. एकदा कोंबडीने एक टोचून पाहिला आणि नापसंत केला. पण मी बंद झालो की गठुड्या पुन्हा पहिल्या दरीत. सातही दऱ्या एका बैठकीत ओलांडायच्या, तर शेकवलेले सेल पुरत नव्हते. नवे आणावेत, तर दुकानातले सगळे दिवाळीत खपलेले. आणि सुट्टीचा शेवटचा रविवार उजाडला. सोमवारी शाळा. तिथे मला नेता येत नव्हतं.

"गाठोड्यात काय हाय ते बगल्याबिगर मी नाय जायची," हर्षालीने जाहीर केलं.

"लाकडं असतील," तिची आते रखमी म्हणाली. ती रोज रानातून मोळी आणणारी. तिच्या लेखी डोक्यावरच्या गाठोड्यात दुसरं काही असूच शकत नव्हतं.

दुपारी हर्षालीने भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. दुसरा बापाच्या बॅटरीतून. घड्याळ सव्वादोनला थांबलं. शेजारचा कोंडू दर अर्ध्या तासाने दारातून डोकावून वेळ बघायचा. दोनदा त्याला सव्वादोनच दिसले. "आज दिस लांबलाय," म्हणून तो समाधानाने पुन्हा जाऊन झोपला.

पाचवी दरी पार झाली तेव्हा ओट्यावरचं ऊन सरलं. हर्षाली खळ्यात आली. सहाव्या दरीत सावली खळ्यात आली. आता ऊन उरलं होतं ते फक्त भाताच्या भाऱ्यांच्या उडवीवर. उडवी पुरुषभर उंच.

"आते, मला वर दे!"

"पडशील गो!"

पण रखमीने तिला खांद्यावरून वर चढवलं आणि पाठोपाठ स्वतःही चढली. अनंता खालून ओरडला, "दोगी उतरा! उडवी बसंल!"

"गप रे. सातवी दरी हाय," रखमी म्हणाली.

सेलची ताकद दाखवणारा माझा लाल दिवा फिकट झाला होता. गठुड्याचा एकच जीव शिल्लक. हर्षालीने साईनाथसारखंच धावण्याचं बटण दाबून धरलं.

"आगं, पळवतेस कशाला त्याला?" रखमी खेकसली. "डोक्यावर वजन हाय त्याच्या. मोळी घेऊन कोन धावतं? हुबा राव दे. फळी येतेय."

"टाइम नाय आते! सेल चाललाय!"

"फळी येतेय म्हनते ना मी."

हर्षालीने बोट उचललं. गठुड्या थांबला. फळी आली. त्याने एक साधी उडी मारली. मग थांबला, मग दुसरी. इंजिनिअरच्या घरात दोन वर्षांत जे सुचलं नाही, ते मोळी वाहणाऱ्या बाईने उडवीवर बसून सांगितलं.

गठुड्या घरी पोहोचला. दार उघडून एक चिमुकली मुलगी आली. त्याने गाठोडं सोडलं. आत लाल चपला निघाल्या. तिने त्या घातल्या.

रखमीने पडद्याशी डोळे नेले. "दोन बोटं मोठ्या घेतल्यात," ती म्हणाली. "शाना हाय. वरीसभर चालतील."

मग माझा दिवा गेला.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच: आम्हाला ठेवून देताना पोटातले सेल काढत जा. विसरलात तरी आम्ही रुसत नाही, नुसते आतून कुजतो. हर्षालीने दोन्ही सेल काढले, पत्रे कोरड्या फडक्याने पुसले आणि मला कोनाड्यात ठेवलं.

तिथून मी सोमवारची सकाळ पाहिली. रखमी हर्षालीची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन उतारावरून निघाली होती. "आते, गाडी चुकंल, धाव ना!" हर्षाली ओरडत होती. रखमी आपल्याच चालीने चालली. गाडी मिळाली.

दुपारी परत आल्यावर रखमीने सेल खळ्यावर उन्हात टाकले, कोंबडीला हाकललं आणि तासाभराने मला हातात घेतलं. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून बटण दाबलं.

पहिल्याच दरीत पडली. धावत होती.