दोघींनी निवडलेली पुस्तकं

माथेरानच्या पायथ्याच्या एका गावात संध्या अकरा वर्षं अंगणवाडी चालवत होती. मदतनीस म्हणून पारूबाई. वयानं संध्याच्या आईएवढी, म्हणून संध्या तिला मावशी म्हणायची. पारूबाईला सही येत होती, वाचता मात्र येत नव्हतं. खिचडी शिजवावी, पोरांची नाकं पुसावीत, रडणाऱ्याला कडेवर घ्यावं, हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षी एका संस्थेनं तालुक्यातल्या अंगणवाड्यांना चित्रांची पुस्तकं द्यायची ठरवलं. कर्जतला एका सभागृहात टेबलांवर पुस्तकं मांडली होती. प्रत्येकीनं आपल्या मुलांना वाचून दाखवायला दहा निवडून न्यायची. ओझं वाटून घेता येईल म्हणून संध्यानं पारूबाईला बरोबर नेलं.

संध्या गेली ती वहीत यादी करूनच. स्वच्छतेचं एक, अंकांचं एक, खरं बोलण्याचं एक. पुस्तक उघडायचं, मजकूर भराभर वाचायचा, शेवटी काही शिकवण असली की गठ्ठ्यात टाकायचं. भातलावणीवरचं एक तर तिला फारच आवडलं. आपल्याच शिवारातलं, मुलांच्या ओळखीचं.

पारूबाईनं ते हातात घेतलं आणि एका चित्रावर थांबली.

"बाई, ह्या बाया पुढं चालत लावणी करतायत," ती म्हणाली. "लावल्यालं रोप पायाखाली जाईल की."

संध्यानं नीट पाहिलं. खरंच होतं. ती स्वतः शेतकऱ्याच्या घरातली. लग्नाआधी दर वर्षी चिखलात मागं मागं सरकत लावणी केलेली. आणि वाचण्याच्या नादात चित्राकडे लक्षच गेलं नव्हतं. तिनं पुस्तक परत ठेवलं.

रिकाम्या झालेल्या जागी पारूबाईनं दुसरं एक पुढं केलं. हे लय गमतीचं हाय, म्हणाली. संध्यानं चाळलं. आजोबा बाजाराला निघाले. आजोबांनी मेथी घेतली. आजोबांनी केळी घेतली. आजोबा घरी आले. सगळी मिळून आठ वाक्यं, शिकवण काहीच नाही. पण लावणीची चूक मनात सलत होती, म्हणून तिनं नाही म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात वाचन सुरू झालं. स्वच्छतेचं पुस्तक संपेपर्यंत निम्मी पोरं खिडकीशी गेली होती. खरं बोलण्याच्या पुस्तकाला दोघांची मारामारी झाली. चौथ्या दिवशी संध्यानं आजोबांचं पुस्तक काढलं, जरा नाइलाजानंच.

आजोबांनी मेथी घेतली, म्हणताच पोरं हसायला लागली. यात हसण्यासारखं काय, ते तिला कळेना. केळ्यांच्या पानावर तर सगळी उठून पुढं आली. संध्यानं दटावलं, गप्प बसायला सांगितलं. तेव्हा चार वर्षांची श्रद्धा तिच्या मांडीला टेकून उभी राहिली आणि पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"बाई, ही शेळी समदं खातेय. तुमी सांगतच नाय."

संध्यानं पुस्तक आपल्याकडे वळवलं. आजोबांच्या पाठीमागं एक शेळी होती, पिशवीत तोंड घातलेली. तिनं पानं मागं उलटली. प्रत्येक पानावर शेळी. मेथी गेली, केळी गेली, आणि शेवटी आजोबा रिकामी पिशवी घेऊन दारात उभे. मजकुरात मात्र शेळीचं नावसुद्धा नव्हतं. संध्याचे कान तापले. बारावी शिकलेली आपण, पोरांसमोर आंधळ्यासारखं वाचत होतो.

पोरं जेवायला बसल्यावर ती स्वयंपाकाच्या खोलीत गेली. पारूबाईला शेळी पहिल्यापासून दिसली होती, हे उघडच होतं.

"मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

पारूबाई गोंधळली. "मला वाटलं, लिवलं असंल त्यात. एवढी शेळी पानापानावर, ती लिवल्याबिगर ऱ्हाईल का?"

रागावून आली होती, पण रागावण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग तिनं ते पुस्तक अक्षरावर बोट ठेवून पारूबाईला वाचून दाखवलं, आठही वाक्यं. पारूबाई ऐकत राहिली.

"बस, एवढंच?" तिनं विचारलं. तिला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पारूबाईनं धरलं. संध्या एक वाक्य वाचायची आणि थांबायची. थांबणं तिला जड गेलं. अकरा वर्षं शांतता झाली की ती भरून काढायची सवय लागलेली. पण थांबली की पोरं बोलायची, शेळीनं काय केलं, आता काय करील, आजोबांना कळत कसं नाही. त्या दिवशी खिडकीशी कुणी गेलं नाही. पोरांचा ओढा पारूबाईकडे जास्त, हे संध्याला थोडं लागलंही. ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

पावसाळा संपल्यावर पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला संध्यानं यादी केली नाही. सभागृहाच्या कोपऱ्यात दोघी खाली बसल्या. आधी पारूबाई पानं उलटायची, संध्या मजकूर हातानं झाकून नुसती चित्रं बघायची. मग हात काढून हळू आवाजात वाचायची. एका माकडाच्या पुस्तकावरून दोघींचं चांगलंच वाजलं. पारूबाईला ते हवं होतं, संध्याला नको. शेवटी संध्यानं ते घेतलं, पण मनापासून नाही.

बाकीच्या निवडून चहाला गेल्या. टेबलं आवरायला घेतली. संस्थेच्या ताई जवळ येऊन म्हणाल्या की तुमची सहाच झालीत, उरलेली चार मीच देऊ का काढून.

"नको," संध्या म्हणाली. "आम्ही बसतो अजून थोडं."

आणि तिनं पुढचं पुस्तक पारूबाईच्या हातात दिलं.