गाडी निजवताना

वडील गेल्यावर घरात त्यांच्या हातचं काहीच उरलेलं नाही, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. सुताराच्या घरात निदान एखादं स्टूल तरी असावं. पण त्यांनी केलेलं सगळं रस्त्यावर निघून गेलं होतं. जुन्या व्हॅन घ्यायच्या, आतून रिकाम्या करायच्या आणि पलंग, ओटा, कपाटं बसवून त्यांची राहती गाडी करायची, हा त्यांचा धंदा. त्यामुळे जाहिरातीत उचलत्या छताची, फिक्या पिवळ्या रंगाची जुनी गाडी दिसली आणि फोटोतल्या ओट्याचा कोपरा गोल घासलेला दिसला, तेव्हा ती अर्धी रजा टाकून निघालीच. कोपर आपटू नये म्हणून कोपरे असे घासत बसणारा दुसरा माणूस तिला माहीत नव्हता.

गाडी विकणाऱ्या बाई एकट्या राहत होत्या आणि तोंडाने फटकळ होत्या. आमचे हे म्हणायचे, ही गाडी नव्हे, थडगं आहे, असं सांगून त्यांनी दार सरकवलं. ती आत जाऊन बसली. त्यांनी बाहेरून दार लावलं, तसा रस्त्याचा आवाज एकदम लांब गेला. कपाट उघडून मिटलं तर फक्त श्वास सोडल्यासारखं झालं.

त्या शांततेत तिला वडिलांचं ठरलेलं भाषण आठवलं. गिऱ्हाईक आलं की ते सुरू व्हायचं, आणि आई आतून म्हणायची, झालं यांचं पुराण सुरू. आधी घोड्यांनी ओढायची लाकडी घरं होती. मग मोटारी आल्या. पाव नि टपाल वाहणाऱ्या व्हॅन म्हाताऱ्या झाल्या की कोणीतरी त्यांत गादी टाकून झोपू लागलं. मग कोणालातरी वाकून कपडे बदलायचा कंटाळा आला आणि छत वर उचललं गेलं. इथपर्यंत वडील खूश असत. पुढे चूल आत आली, फ्रिज आला, संडास आला. आता फक्त चाकं तेवढी बाहेर राहिली, असं ते म्हणत, आणि हसायचं की नाही हे गिऱ्हाइकाला कळत नसे.

घासाघीस न करता तिने गाडी घेतली.

धाकट्या भावाला वाटलं, ताईला खूश करावं. त्याने गाडी परस्पर एका ओळखीच्या रंगाऱ्याकडे नेली आणि कोरी करकरीत करून आणली. बिजागऱ्यांखालून, कपाटांच्या फटींतून, छत उचलणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या कात्रीतून म्हणे पोतंभर काळपट चिंध्या निघाल्या. काय घाणेरडी माणसं असतात, तो म्हणाला. तिलाही ते पटलं. पोतं कचऱ्यात गेलं.

पहिल्याच फेरीत गाडी बोलू लागली. ओट्याखालचं झाकण वळणावर टक करायचं, थांबायचं, पुन्हा टक. वडील घडीची मोजपट्टी मिटायचे तसं. छताच्या कात्रीतून घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा. पलंगाच्या फळ्या कोणीतरी कूस बदलावी तशा करकरायच्या, आणि गाडी उभी केल्यावरही थोडा वेळ करकरत राहायच्या.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. लाकूड तापतं, निवतं, सैल होतं, हे तिला समजत होतं. समजून उपयोग होत नव्हता. ती कामावरून लांबच्या, खडबडीत रस्त्याने येऊ लागली. सोबत कोणाला घेईना. वळणावर मोजपट्टीचा आवाज आला नाही, तर वेग कमी करून वाट बघायची. एकदा त्या खाकरण्याला तिने 'हो, ऐकतेय' असं उत्तरही दिलं, आणि मग बराच वेळ तिला आरशात मागे बघवेना.

वडील गेल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून एक दिवस तिने आईला मागच्या बाकावर बसवलं. अर्ध्या वाटेत आईने गाडी थांबवायला सांगितलं.

"तुलाही ऐकू येतंय?" तिने मागे वळून विचारलं.

"बहिरी आहे का मी? चिंध्या कुठे गेल्या यातल्या?"

मग आईने सगळं सांगितलं. वडील प्रत्येक सांध्यात मेणात बुडवलेलं कापड भरत. रबर कडक होतं, नवं कापड आवाज अडवत नाही. धुऊन धुऊन जीव गेलेलं कापड लागतं, आणि ते घरातलंच मिळायचं. आईचे परकर, मुलांच्या चादरी, तिचे फ्रॉक. लहानपणी तिला वाटायचं, आपले फ्रॉक कोणा गरीब मुलीला दिले. गाडी निजवली, असं वडील त्या कामाला म्हणत, आणि ती निजल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत.

आई म्हणाली, घरी त्यांचे शर्ट आहेत. शर्टांचं ते कपाट वडील गेल्यापासून आईने कोणाला उघडू दिलं नव्हतं.

"राहू दे ना, आई. एवढंच ऐकू येतं आता त्यांचं."

"अगं, हे त्यांचं नाही," आई म्हणाली. "त्यांचं होतं ते तुम्ही फेकून दिलंत."

तिने गाडी पुन्हा सुरू केली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आई शर्ट घेऊन गाडीत बसली. पहिल्या शर्टाची शिवण दाताने तोडली आणि तो सरळ खाली फाडत नेला. तो आवाज तिला गाडीच्या सगळ्या आवाजांपेक्षा वाईट वाटला. ती मेण वितळवत राहिली, पट्ट्या बुडवत राहिली. ओट्याखालचं झाकण गप्प झालं, मग पलंग. छताची कात्री शेवटी राहिली. तिथे तिचा हात पुढे होईना. आई पट्टी धरून उभी राहिली. मेण थिजू लागलं तरी हात खाली घेईना. शेवटी तिने आईच्या हातून पट्टी घेतली आणि सांध्यात दाबून भरली.

नीट बसलंय का बघू, म्हणून दोघी तशाच निघाल्या. वळण आलं, गेलं. तिने आरशात पाहिलं. आई बाकावर कलंडली होती, तोंड किंचित उघडं, हातात शर्टाची उरलेली बाही. गाढ झोपली होती.

घराकडे वळायचा रस्ता तिने सोडून दिला. आईला जाग येऊ नये म्हणून ती हळू चालवत होती, आणि कान सगळे मागे होते. काहीच ऐकू येत नव्हतं. पुढचा खड्डा चुकवता आला असता; तिने तो मुद्दाम घेतला. गाडी खाली बसली, वर आली. मागे काहीही वाजलं नाही.