क्लिफचं एकतिसावं

लँकशायरच्या किनाऱ्याजवळ आमचा कारखाना. खाली हँगरमध्ये विमानं बनत आणि वर, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही न बनणारी विमानं काढत बसायचो. पाटीवर आमच्या खात्याचं 'भावी प्रकल्प' असं भारदस्त नाव होतं. खालचे फिटर त्याला 'परीकथा विभाग' म्हणत, तेही कँटीनच्या रांगेत, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने.

खरं विमान एकच. इंग्लंड, जर्मनी आणि इटली या तिघांनी भांडत भांडत बांधलेलं, झाडांच्या शेंड्यांवरून जाऊन बॉम्ब टाकणारं. ते उडायला लागल्यावर त्याची भावंडं काढायची, हे आमचं काम. लांब नाकाचं, तीन माणसांचं, जहाजावर उतरणारं. जहाजावरचं ज्या देशासाठी काढलं त्या देशाकडे तसं जहाजच नव्हतं. "पण त्यांनी घेतलं तर?" असं आमचे एन्सको साहेब म्हणाले, म्हणून काढलं.

आमची विमानं देखणी असत, एवढं मात्र कुणीही कबूल करेल. रंगीत माहितीपत्रकात ती चाकं पोटात घेऊन ढगांतून तिरकी जात. लाकडी नमुनेसुद्धा दांडीवर बसवलेले आणि बिनचाकी. जे कधी जमिनीवर येणारच नाही त्याला चाकं काढण्याचे कष्ट कोण घेणार?

माझ्या समोरच्या टेबलावर बावीस वर्षं क्लिफर्ड एन्टविसल बसला. शांत माणूस, कोटाच्या वरच्या खिशात पोलादी फूटपट्टी. त्याने आयुष्यात तीस अस्त्रं आणि विमानं काढली. तीसच्या तीस रद्द झाली. आमच्याकडे रीत अशी की ज्याचं काम रद्द होईल त्याने सगळ्या खात्याला 'बटर पाय', म्हणजे मैद्याच्या पारीत बटाटा आणि लोणी भरून भाजलेली तिकडची कचोरी, खिलवायचे. क्लिफच्या जिवावर आमची पोटं सुटली.

पाय त्याची बायको डोरीन भाजायची. काम गुप्त, त्यामुळे नवरा काय काढतो हे तिला कधीच कळलं नाही. संध्याकाळी येऊन तो "उद्या पाय लागतील" म्हणाला की ती कणीक मळायला घ्यायची. एवढीच तिला त्याच्या नोकरीची माहिती.

मी त्याला छळायचो. "क्लिफ, आजवर तुझं एकही अस्त्र कुणाला लागलेलं नाही. जगातला सगळ्यात सज्जन शस्त्रकार तू!"

"एखादं तरी उडायला हवं होतं रे," तो म्हणायचा. "फुटलं नाही तरी चालेल."

त्याच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि एकतिसावं उडायच्या बेतात होतं. धावपट्ट्या फोडणारं, लहान पंखांचं लांबलचक क्षेपणास्त्र. आत काही नाही, नुसतं पोकळ कवच. विमानाच्या पोटाखाली टांगून वारा त्याच्याशी कसा वागतो ते बघायचं होतं. एवढ्यानेच क्लिफचं आयुष्य सार्थकी लागणार होतं. दिवस ठरला ऑगस्टमधला मंगळवार, सकाळी अकरा. आधीच्या गुरुवारी वरून फतवा आला, प्रकल्प रद्द.

क्लिफने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डोरीनला सांगायला हवं. पाय."

"थांब रे," एन्सको साहेब म्हणाले. "रद्द करायलाही तीन देशांच्या सह्या लागतात. आपली झाली. जर्मनांची तर बहुधा आधीपासूनच तयार होती. इटलीचा कर्नल मात्र अख्खा ऑगस्ट समुद्रावर आहे. तो अंग पुसून परत येईपर्यंत तुझं क्षेपणास्त्र जिवंत."

"म्हणजे तीन देशांच्या या कारभाराचा पहिल्यांदाच कुणालातरी फायदा झाला," मी म्हणालो.

मग चार दिवस काय धावपळ! खालचे फिटरसुद्धा परीकथा विसरून रात्रपाळीला थांबले. क्लिफने नियम मोडून डोरीनला सांगितलं, मंगळवारी अकराला मैदानाच्या कुंपणापाशी येऊन उभी राहा. कशासाठी ते सांगितलं नाही. ती म्हणाली म्हणे, "पाय भाजायचे नाहीत ना? मग येते."

मंगळवारी नऊ वाजता आम्ही दोघं खाली गेलो. क्लिफ लग्नातला वाटावा असा सूट घालून आला होता. विमानाच्या पोटाखाली ते टांगलेलं होतं, पांढरंशुभ्र, खरं. त्याने हात लावला नाही. फक्त भोवती दोनदा फिरला. त्याला असं बघून मला फार बरं वाटलं, आणि बावीस वर्षांच्या थट्टेची थोडी लाजही वाटली.

शेजारी दुसरं विमान जॅकवर उचललेलं होतं. एक फिटर त्याची चाकं आत घेत होता, बाहेर काढत होता. प्रत्येक वेळी चाकांचं दार खाली लोंबायचं, चाक आतबाहेर झालं की परत मिटायचं. क्लिफ बघत राहिला. मग तो फूटपट्टी काढून त्या नव्या सुटासकट आपल्या विमानाखाली पाठीवर आडवा झाला.

"रॉय," तो खालूनच म्हणाला, "माझ्या ड्रॉइंगमध्ये हे दार कसं आहे?"

"मिटलेलं."

"बावीस वर्षं मिटलेलंच. उघडताना ते चार बोटं खाली येतं, आणि बरोबर तिथे माझ्या क्षेपणास्त्राच्या शेपटीचं पातं आहे."

विमान जमिनीवर उभं असताना दार मिटलेलंच असतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जॅकवर घेऊन चाकं फिरवून बघायची चाचणी त्या घाईत राहून गेली होती.

आता मी जे बोललो ते लिहायला आवडत नाहीये. मी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणालो, "पत्राच आहे, क्लिफ. घासून जाईल. वाकेल."

तो बाहेर आला, पाठीवर तेलाचा डाग घेऊन. "आणि नाही वाकलं तर? दार अडकून चाकं बाहेरच नाही आली तर पार्किन्सन उतरणार कशावर? तुझ्या विनोदांवर?"

पार्किन्सन म्हणजे आमचा टेस्ट पायलट.

"मग पातंच चार बोटं कापू."

"कापलं की नवा आराखडा. नव्या आराखड्याला तीन सह्या."

तिसरी सही कुठे पालथी पडून ऊन खात होती ते दोघांनाही माहीत होतं. क्लिफने फूटपट्टी पुसून खिशात ठेवली, स्वतःच्या पायाने एन्सको साहेबांकडे आणि पार्किन्सनकडे गेला आणि सांगितलं. चूक माझी, काढून टाका. वीस मिनिटांत ते खाली उतरवून ताडपत्रीत गुंडाळलं गेलं. पार्किन्सनला इंजिनाची दुसरी एक चाचणी होतीच. विमान रिकाम्या पोटाने जाणार होतं.

हँगरमध्ये कुणी हसलं नाही, खालच्या फिटरांपैकीसुद्धा.

"काहीतरी बोला की रे," क्लिफ म्हणाला. माझ्याकडे बघत होता. मी ताडपत्रीची दोरी आवळत बसलो. मग तो म्हणाला, "डोरीन कुंपणाशी उभी असेल. तू जाशील? मला नाही जमायचं."

मी गेलो. डोरीन डोक्याला रुमाल बांधून, शेजाऱ्याची दुर्बीण गळ्यात अडकवून उभी होती. मी पोचतोय तोच विमान गर्जत उठलं आणि चाकं पोटात घेऊन आमच्या डोक्यावरून गेलं.

"हेच का रे त्याचं?" ती ओरडली. "पोटाखाली तर काहीच दिसत नाही."

खोटं बोलावं असं फार वाटलं, पण तिने दुर्बीण खाली घेतली होती. मी सगळं सांगून टाकलं. गुप्तता गेली खड्ड्यात. दार, पातं, चार बोटं, आणि त्याने स्वतःच जाऊन थांबवलं ते.

विमान गेलं त्या दिशेला तिने बघितलं.

"आत जो बसलाय," तिने विचारलं, "त्याला बायको आहे?"

"आहे. दोन मुली पण."

"आत्ता कुठे असेल ती?"

"घरी. कपडे वाळत घालत असेल."

"म्हणजे तिला यातलं काही कळणार नाही."

"नाही. कधीच नाही."

विमान समुद्रावरून वळून परत आलं. पोटाखालची दारं उघडली, चाकं बाहेर आली, दारं मिटली आणि ते अलगद टेकलं. डोरीनने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली ती शेवटपर्यंत हलवली नाही. मग ती काचा पुसायला लागली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"त्याला जाऊन सांग," ती म्हणाली, "मी बघितलं म्हणावं. छान उडालं."